रग्बीत जॉर्जियाचा स्क्रम एवढा भारी, मग गाडी अडते कुठे?

प्रश्न: २०२२ मध्ये जॉर्जियाने बाटुमीत इटलीला २८-१९ आणि कार्डिफमध्ये वेल्सला १३-१२ हरवलं. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये मात्र एकही विजय नाही. असं का?

प्रतिसाद १: वेल्सविरुद्धची शेवटची पेनल्टी (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी किक) स्क्रममधूनच, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण भिडून एकमेकांना ढकलतात त्यातूनच मिळाली. समोरचा प्रॉप (पहिल्या रांगेतला कडेचा गडी) खचला की तीन गुणांची संधी पक्की. पण खांदे कमरेखाली गेले की स्क्रम कोसळतो आणि पेनल्टी समोरच्याला मिळते. रेफ्री काय पकडतोय, हे पहिल्या दोन स्क्रममध्येच ओळखायला हवं.

प्रतिसाद २: खरं दुखणं सामन्यांचं आहे. सिक्स नेशन्समध्ये, म्हणजे युरोपातल्या सहा बड्या संघांच्या स्पर्धेत, बढती-घसरण नाही. त्याखालची रग्बी युरोप चॅम्पियनशिप कितीदा जिंकली तरी दार बंद. तिथल्या दुबळ्या संघांपुढे बॅक्सना (मागच्या फळीतल्या खेळाडूंना) दबावाखाली किक आणि पास करायची सवय लागणार कशी? त्या वर्ल्ड कपमध्ये फिजीविरुद्ध मध्यांतराला ९-० पुढे होते, हरले १७-१२. पोर्तुगालशी १८-१८ बरोबरी.

प्रतिसाद ३: ताकदीची वानवा नाहीच. ईस्टरला जॉर्जियातल्या शुखुती गावात लेलो बुर्ती हा रग्बीसारखा पारंपरिक खेळ खेळतात, चेंडू साधारण १६ किलोचा! मॉल (चेंडूवाल्याभोवती जमून उभ्यानेच ढकलणं) वेगळा काय शिकवायचा त्यांना? किक-पासची सूत्रं हलवणारा चांगला फ्लाय-हाफ घडवा म्हणावं.