‘फ्री-फॉर्म’साठी मराठी शब्द : मुक्त, मुक्तछंद की रकानामुक्त?

प्रश्न

मी नागपुरात मिहान परिसरातील एका कंपनीत काम करते. आमच्याकडे आयबीएमच्या मध्यम क्षमतेच्या संगणकांवर चालणाऱ्या हिशेबाच्या आणि साठ्याच्या जुन्या प्रोग्रामांची देखभाल होते आणि ते जवळजवळ सर्व आरपीजी भाषेत लिहिलेले आहेत. नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींसाठी या भाषेतील नव्या बदलांवर मी मराठीत टिपणे लिहीत आहे, कारण त्यांच्यातील बरेच जण मराठी माध्यमातून आलेले आहेत आणि विषय समजण्याआधीच शब्दांपाशी अडखळतात. तीन शब्दांविषयी मला आपले मत हवे आहे. ‘फ्री-फॉर्म’ला (ठरलेल्या रकान्यांत न बसवता प्रोग्राम लिहिण्याची पद्धत) मी ‘मुक्त रचना’, ‘फीचर’ला ‘वैशिष्ट्य’ आणि ‘फॉर-ईच’ला (यादीतील प्रत्येकासाठी तेच काम करण्याची आज्ञा) ‘दर’ असे लिहिले आहे. एका सहकाऱ्याने ‘फ्री-फॉर्म’साठी ‘मुक्तछंद’ सुचवला. मराठीत मुक्तछंद रुजवणारे कवी अनिल नागपुरात राहत होते, तेव्हा हा शब्द तर आपल्या गावचाच आहे, असे त्याचे म्हणणे. मला तो आवडला, पण खात्री वाटत नाही.

पहिला प्रतिसाद (याच भाषेत दीर्घकाळ काम केलेल्या वाचकाचा)

ताई, ‘मुक्त रचना’ हा शब्द टिपणांत ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. हे फ्री-फॉर्म नेमके कशापासून फ्री आहे, तेवढेच त्यातून कळत नाही आणि सगळा मुद्दा तर त्यातच आहे.

आरपीजी म्हणजे ‘रिपोर्ट प्रोग्रॅम जनरेटर’. ही भाषा १९५९ साली आयबीएमच्या १४०१ या संगणकाबरोबर आली, तेव्हा माहिती आणि प्रोग्राम दोन्ही ८० रकान्यांच्या छिद्रित कार्डांवर जात असत. त्यामुळे ओळीतील शब्दाचा अर्थ तो शब्द कोणता आहे यावर जितका अवलंबून होता, तितकाच तो कोणत्या रकान्यात आहे यावरही होता. सहाव्या रकान्यातले अक्षर ओळीचा प्रकार सांगे : ‘एफ’ असेल तर फाइलचे वर्णन, ‘सी’ असेल तर आकडेमोड. पुढे सिस्टिम/३८ आणि एएस/४०० यांवर चाललेल्या आरपीजी-३ मध्ये आकडेमोडीच्या ओळीत क्रियेचे नाव २८ ते ३२ या रकान्यांत आणि उत्तर ज्यात ठेवायचे त्या जागेचे नाव ४३ ते ४८ या रकान्यांत लिहावे लागे. त्रेचाळीस ते अठ्ठेचाळीस म्हणजे सहाच घरे, म्हणून नावही सहाच अक्षरांचे. जुन्या प्रोग्रामांत दिसणारी ती तुटकी, स्वरहीन नावे कोणाच्या आळसामुळे आलेली नाहीत. त्यांना जागाच तेवढी होती.

माझ्या टेबलावर रकान्यांचे आकडे छापलेली एक पारदर्शक पट्टी असे. प्रोग्रामची छापील प्रत समोर पसरायची, पट्टी ओळीवर ठेवायची आणि बोटाने घरे मोजत जायची. ‘ॲड’ हा शब्द अठ्ठाविसाऐवजी एकोणतिसाव्या रकान्यात सुरू झाला, तर डोळ्यांना ओळ अगदी बरोबर दिसे आणि कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) मात्र ती नाकारत असे. हे ज्याने अनुभवले आहे, त्याला पुढील बदलांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

१९९४ मध्ये आरपीजी-४ आली, रकाने रुंद झाले आणि नावांना थोडी मोकळी जागा मिळाली. २००१ मध्ये आकडेमोडीचा भाग रकान्यांतून सुटला, परंतु तोही ८ ते ८० या पट्ट्यातच लिहावा लागे. २०१३ मध्ये फाइली, चल आणि प्रोसिजर यांच्या घोषणाही ‘डीसीएल’ने सुरू होणाऱ्या वाक्यांत लिहिता येऊ लागल्या. अखेर २०१५ मध्ये पहिल्या ओळीवर ‘**फ्री’ (आधी दोन तारे) लिहिले की पहिल्या रकान्यापासून हवे तितक्या लांबीपर्यंत लिहिण्याची मुभा मिळाली. यातला प्रत्येक टप्पा रकान्यांपासूनच्या सुटकेचा आहे. नियम मात्र तितकेच कडक आहेत. वाक्य अर्धविरामाने संपलेच पाहिजे, ‘इफ’ उघडला की ‘एंडिफ’ने मिटलाच पाहिजे, आणि ‘मूव्ह’सारख्या जुन्या क्रिया या लेखनात चालतच नाहीत. खुद्द ‘**फ्री’ हेही पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्यापासूनच लिहावे लागते. ज्या विद्यार्थ्याला आपण ‘मुक्त रचना’ असे शिकवू, तो पहिल्याच दिवशी अर्धविराम विसरेल आणि त्यात त्याचा दोष नसेल.

दुसरी अडचण अशी की मराठीत नुसत्या ‘मुक्त’ला आधीच अनेक कामे दिलेली आहेत. मुक्त विद्यापीठ म्हणजे प्रवेशाची अट सैल असलेले, मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे वापरण्याचे आणि बदलण्याचे स्वातंत्र्य असलेले. आरपीजीचा कंपायलर तर परवाना घेऊनच वापरावा लागतो.

म्हणून मी ‘रकानामुक्त’ सुचवतो आणि जुन्या लेखनाला ‘रकानाबद्ध’. रकाना हा शब्द शिकवावा लागत नाही. अर्ज भरणाऱ्या आणि सातबारा पाहणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक आहे. कोणी म्हणेल की ‘स्तंभमुक्त’ अधिक शुद्ध दिसेल. पण स्तंभ म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर झिरो माईल उभा राहतो किंवा वर्तमानपत्रातले सदर. ‘रकाना’ला ‘मुक्त’ जोडणे कोणाला विजोड वाटत असेल, तर त्यांनी ‘कर्जमुक्त’ आठवावा. त्यातला ‘कर्ज’ अरबीतून आलेला आणि ‘मुक्त’ संस्कृत, तरी विदर्भात त्या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. शिवाय ‘अमुकमुक्त’ म्हटले की कशापासून सुटका झाली, ते शब्दच सांगतो.

आता ‘वैशिष्ट्य’. जे एखाद्याला इतरांपासून वेगळे काढते ते वैशिष्ट्य. फाइलमधील नोंद किल्लीने थेट उचलणारी ‘चेन’ ही क्रिया भाषेचाच भाग असणे किंवा पैशांचा हिशेब दशमान पद्धतीने, पैशाचाही फरक न पडता होणे, ही आरपीजीची वैशिष्ट्ये खरीच. पण या संगणकांच्या ‘आयबीएम आय’ या कार्यप्रणालीची ७.४ ही आवृत्ती निघाल्यानंतर आलेले ‘%स्प्लिट’ पाहा. एका ओळीचे तुकडे करून देणारी अशी सोय इतर भाषांत कितीतरी आधीपासून आहे. आरपीजीत ती आता आली, म्हणून तिला आरपीजीचे वैशिष्ट्य म्हणणे चूक ठरते. तीच गोष्ट गरजेप्रमाणे आपोआप वाढणाऱ्या ॲरेची (एकाच प्रकारच्या मूल्यांच्या यादीची), आणि ७.५ च्या काळात आलेल्या, ओळीचा डावा किंवा उजवा भाग काढून देणाऱ्या ‘%लेफ्ट’, ‘%राइट’ यांची. या सर्वांना ‘नव्या सोयी’ म्हणावे. स्वयंपाकघरात नळ आला तर आपण सोय झाली म्हणतो, घराचे वैशिष्ट्य म्हणत नाही.

दुसरा प्रतिसाद (धरमपेठेतील निवृत्त मराठी शिक्षिकेचा)

मला संगणकातले कळत नाही, परंतु वरील वर्णन वाचून ‘मुक्तछंद’ सुचवणाऱ्या तरुणाचे कौतुक वाटले, म्हणून त्याच्या बाजूने थोडे लिहिते. अक्षरगणवृत्तात ओळीतील प्रत्येक स्थानी लघू हवा की गुरू, हे आधीच ठरलेले असते. भुजंगप्रयातात प्रत्येक चरणात बाराच अक्षरे; शार्दूलविक्रीडितात एकोणीस आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. एक अक्षर सरकले की वृत्त मोडते. तुमचा तो ‘ॲड’ एक घर सरकून ओळ बाद होण्याचा प्रकार वाचताना मला वहीत लगक्रम, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम, मांडणारी मुले आठवली. मुक्तछंदाने अक्षरांची ही मोजणी सोडली, पण लय सोडली नाही, आणि तुमच्या नव्या लेखनानेही रकाने सोडले, व्याकरण सोडले नाही. म्हणून शिकवताना दाखला म्हणून हा शब्द जरूर वापरावा. पारिभाषिक शब्द म्हणून मात्र मी तो घेणार नाही, कारण ‘छंद’ हा पद्याचा शब्द आहे आणि हिशेबाच्या पुस्तिकेत तो वाचकाला भलतीकडे नेईल. ‘रकानामुक्त’ला माझी पूर्ण संमती आहे.

‘दर’ मला आवडला. दर महिन्याला, दर माणशी, दर ओळीस : प्रत्येकाला धरून एकेक काम करण्याचा अर्थ त्यात चपखल बसतो.

तिसरा प्रतिसाद (अडतीच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या वाचकाचा)

शिक्षिकाबाईंचा आदर राखून ‘दर’ला विरोध नोंदवतो. मी नागपूरच्या कळमना बाजारातील काही अडत्यांसाठी पट्टीचे (विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदाचे) प्रोग्राम लिहितो आणि तिथे ‘दर’ म्हणजे भाव. संत्र्याच्या पट्टीत वजन, दर, अडत, हमाली असे रकाने असतात. व्यापारी प्रोग्राम शिकवणाऱ्या टिपणात ‘दर पट्टीतील दर वाचा’ असे वाक्य आले, तर पहिला ‘दर’ कोणता आणि दुसरा कोणता, यावर विद्यार्थी थांबणार. त्याऐवजी ‘दरेक’ घ्यावा. तो मराठीत पूर्वीपासून आहे, ‘फॉर-ईच’चा एकेकाला हात लावण्याचा अर्थ पुरेपूर सांगतो आणि भावाशी त्याची गल्लत होत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ‘रकानामुक्त’, ‘रकानाबद्ध’, ‘सोय’ आणि ‘दरेक’ हे चारही शब्द मी घेतले आहेत, आणि मुक्तछंदाचा दाखला पहिल्या प्रकरणात सविस्तर दिला आहे. सुधारलेला परिच्छेद असा आहे : “रकानाबद्ध लेखनात क्रिया कुठे आहे ते मोजावे लागे, रकानामुक्त लेखनात ती कोणती आहे ते वाचले की पुरते. यादीतील दरेक पट्टीसाठी हेच काम करायचे असेल, तर आता मोजणीचा चल वाढवत बसावे लागत नाही. ती सोय भाषेनेच दिली आहे.” काल हा परिच्छेद एका नव्या मुलीला वाचायला दिला. ती ‘रकानामुक्त’पाशी थांबली नाही, ‘चल’पाशी थांबली आणि ‘म्हणजे व्हेरिएबलच ना?’ असे तिने विचारले. तेव्हा ‘चल’ काढून मी ‘व्हेरिएबल’ लिहिले आहे.

एक शब्द अजून सुटलेला नाही. ‘एनम’मध्ये ठरावीक मूल्यांना नावे देऊन त्यांचा एक गट करतात, उदाहरणार्थ पट्टीची अवस्था : कच्ची, पक्की, रद्द. त्याला मी तूर्त ‘एनम’च ठेवले असून पुढे ‘ठरावीक मूल्यांच्या नावांचा गट’ असा अर्थ दिला आहे. ‘मूल्यां’ऐवजी आधी ‘किमती’ लिहिले होते. पण कळमन्याचा प्रतिसाद वाचल्यावर तेही खोडले. याहून सुटसुटीत शब्द कोणाजवळ असल्यास जरूर सांगावा. छपाईला अजून आठ दिवस आहेत.