किल्ली फिरते, पण सीट उघडत नाही
भाऊ, स्कूटरच्या सीटच्या कुलपात किल्ली फिरतेय पण सीट सुटत नाही म्हणताय, तर आधी किल्लीवर जोर लावू नका. कुलपातच मोडली तर काम वाढतं. एकानं सीटचा मागचा भाग तळहातानं दाबून धरायचा, त्याच वेळी दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. सीट अडकवून धरणाऱ्या खटक्यावरचा (लॅचवरचा) ताण गेला की बहुतेक वेळा सीट सुटते. आपल्या बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात लाल चिखल उडून लॅचमध्ये बसतो, वाळला की स्प्रिंग जाम. उघडल्यावर डब्ल्यूडी-४० (जाम झालेले भाग सोडवणारा स्प्रे) मारून नीट पुसा, मग थोडं ग्रीस लावा. किल्ली अगदीच हलकी फिरत असेल तर मात्र कुलपापासून खटक्यापर्यंत जाणारी केबल निसटली किंवा तुटली असणार. मग बाजूचं पॅनल काढून केबल पक्कडीनं ओढायची. स्क्रू ड्रायव्हरनं सीट उचकटू नका हो, खालचं प्लास्टिक तडकतं.