झाडं छाटायला जुनी बकेटवाली गाडी घ्यायचीय, काय काय बघू?

फांदीवाला_नाशिक:
मंडळी, मी सोसायट्या-बंगल्यांची झाडं छाटायची कामं घेतो. आजवर दोरी न शिडीवरच भागलं पण चढणारी पोरं आता मिळत नाहीत आणि मिळाली तरी गुलमोहरावर चढवायची छाती होत नाही, फांदी कधी कडाड करेल नेम नाही. एकाकडे टाटा 407 वर बसवलेली स्काय लिफ्ट आहे, 2014 ची, आधी स्ट्रीटलाइटच्या कामाला होती, 11 मीटर म्हणतो. नवीन रंग मारलाय. इंजिन मला कळतं, वरचं हायड्रॉलिक नाही कळत.

जॅक_टाका_आधी:
नवीन रंग म्हटलं की आधी वेल्डिंग शोध दादा. बूम (बकेट उचलणारा लांब हात) टर्नटेबलला (खालची फिरणारी बैठक) बसतो तिथे आणि खालच्या फ्रेमला बॅटरी मारून बघ, केसाएवढी चीर असली तरी सोडून दे. मग बकेटमध्ये माणूस नको, प्लेटवर लिहिलंय तेवढ्या वजनाची वाळूची पोती टाक, बूम आडवा लांब कर, इंजिन बंद कर आणि चहा पिऊन ये. पंधरा मिनिटांत बकेट खाली सरकली तर सिलिंडरचे सील नाहीतर होल्डिंग व्हॉल्व्ह (तेल अडवून बकेट जागेवर धरणारा) गेलाय. जॅकही (गाडीला जमिनीवर टेकवून धरणारे पाय) तसेच बघ, वर माणूस असताना जॅक बसला तर गाडीच कलंडते. टाकीतलं तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. आणि हँडपंपने बकेट खाली येते का ते स्वतः मारून बघ, आमचा पीटीओ (इंजिनाच्या जोरावर हायड्रॉलिक पंप फिरवणारा जोड) पहिल्याच आठवड्यात अडकला न पोरगं दीड तास शेंड्यात, खाली त्याची आई माझ्या नावाने शंख करतेय.

कागद_बघा:
आरसीवर लिफ्टची नोंद आहे का? साध्या ट्रकवर नंतर बसवून आरटीओला कळवलंच नसेल तर पासिंगला अडकशील, आणि आठ वर्षांवरच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतं.

वायरमन_काका:
11 मीटर म्हणजे बहुतेक वर्किंग हाइट, बकेटचा तळ साधारण 9 वरच, वरचे 2 माणसाच्या उंचीचे न हाताचे. झाडाला उंचीपेक्षा बाजूला किती जाते ते महत्त्वाचं, झाड कंपाउंडच्या आत न गाडी रस्त्यावर. दुसरं, बकेट फायबरची दिसली म्हणून इन्सुलेटेड समजू नका, बूम बहुतेक लोखंडीच असतो. ओली फांदी 11 केव्हीच्या तारेवर टेकली तर संपलं. लाइन बंद करून घेतल्याशिवाय तारेजवळ जायचं नाही.

फांदीवाला_नाशिक:
काल जाऊन आलो. पोती टाकली, दहा मिनिटांत बकेट वीतभर खाली. मालक म्हणतो तेल गरम झालं की होतं असं. म्हटलं सील बदलून परत पोती टाकून दाखव मग बोलू. हँडपंप आहे, त्याचा दांडाच नाही.