मदत हवी आहे: यलो फिव्हरच्या प्रमाणपत्रावरची तारीख उलटून गेली आहे

नमस्कार. पुढच्या महिन्यात मी आणि सासूबाई नैरोबीला नणंदेकडे जातोय. तीन आठवड्यांनी तिथूनच दक्षिण आफ्रिकेला, चार दिवसांसाठी. केनियाहून येणाऱ्यांकडे दक्षिण आफ्रिकेत यलो फिव्हरच्या (डासांमुळे पसरणारा पिवळा ताप) लसीचं प्रमाणपत्र मागतात, म्हणून कागद काढून बसले आणि अडकले.

मी लस २०१३ मध्ये घेतली. पिवळ्या पुस्तिकेत मुदत २०२३ पर्यंतच लिहिली आहे. तिकीट काढून देणारे म्हणाले, तारीख खोडून वर 'आजीवन' लिहा. सरकारी कागदावर अशी खाडाखोड करायला माझं मन धजत नाही. पुन्हा लस घ्यावी का?

खरी काळजी सासूबाईंची. वय ६८, लस कधीच घेतलेली नाही आणि संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत. नातीला बघायला त्यांचा जीव तुटतोय. काय करता येईल?

प्रतिसाद १:
ताई, पुस्तिकेला पेन लावूच नका! खाडाखोड केलेलं प्रमाणपत्र अवैध ठरू शकतं. ११ जुलै २०१६ पासून या लसीचं प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी धरलं जातं, आधीच्या प्रमाणपत्रांनाही तेच लागू आहे. छापील मुदत संपली म्हणून पुन्हा लस नको. फक्त नाव पासपोर्टशी जुळतंय ना, बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा शिक्का आहे ना, ते बघा.

प्रतिसाद २:
सासूबाईंना कागदासाठी म्हणून लस देऊ नका, अगदी कळकळीनं सांगतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. अशा औषधांवर असलेल्यांना ती सहसा देत नाहीत, आणि साठीनंतरच्या पहिल्या डोसला गंभीर त्रासाची शक्यता, दुर्मीळ असली तरी, वाढते. त्यांच्या डॉक्टरांकडून लस न देण्याचं कारण इंग्रजीत लिहून सही-शिक्क्यासह घ्या. पण ते पत्र मानायचं की नाही हे त्या देशाचे अधिकारी ठरवतात; सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवण्याचा अधिकारही त्यांना आहे. म्हणून दूतावासाला आधीच विचारा.

आणखी एक. आजाराचा धोका वेगळा आणि कागदाची अट वेगळी. फक्त नैरोबी शहरात राहणाऱ्यांना ही लस सहसा सुचवत नाहीत, अट मात्र अख्ख्या केनियाला धरून असते. मग दक्षिण आफ्रिका आधी आणि नैरोबी नंतर केलंत तर? परतताना आपल्याकडे विचारतीलच, तेव्हा पत्र जवळ असू द्या. तिथे डासांपासून मात्र त्यांना जपा.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. क्रम उलटा करायचं सुचलंच नव्हतं. तिकिटं बदलून मिळतात का ते आजच विचारते. पत्रासाठी सोमवारी सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जातेय. परतीच्या नियमाचं कळलं की इथेच लिहीन.