जानेवारीत तीन आठवडे महाराष्ट्र. वयं ७४, ६९ आणि ७१. आराखडा तपासून द्याल का?

थेम्सकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये स्लावला राहतो. यजमान ७४ वर्षांचे, उजव्या गुडघ्याचा सांधा बदलून १४ महिने झाले. सपाटीवर अर्धा तास सहज चालतात, जिना कठडा धरून चढतात, पण मांडी घालणं आणि उकिडवं बसणं बंद. मी ६९ वर्षांची, मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेते. आमच्याबरोबर शेजारची इंग्रज मैत्रीण येणार आहे, वय ७१. रक्त पातळ राहावं म्हणून ती वॉरफरिन घेते. आम्हा दोघांकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे, म्हणून व्हिसा लागत नाही; तिचा अजून काढायचाय.

कच्चा आराखडा असा: गुरुवारी १४ जानेवारीला मुंबई. १६ला विमानाने संभाजीनगर, रविवारी १७ला वेरूळ, सोमवारी १८ला अजिंठा. १९ला मोटारीने थेट गणपतीपुळे. २३ ते २६ मालवण, २६ ते ३० गोवा, ३० ते १ कोल्हापूर (अंबाबाईचं दर्शन हवंच), मग मुंबई आणि ४ फेब्रुवारीला परतीचं विमान.

कुठे चुकतंय? स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

घाटमाथा

काकू, स्पष्टच सांगतो. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ. तुमचा क्रम नुसता उलटा करूनही भागत नाही, कारण रविवारी दोन्हीकडे गर्दी. सोमवारी वेरूळ आणि बुधवारी अजिंठा करा, मधला मंगळवार गुडघ्याला सोडा.

दुसरं, संभाजीनगर ते गणपतीपुळे एका दिवसात करू नका. पाचशे किलोमीटरच्या घरात अंतर आणि शेवटी घाट. तो दिवस तर जातोच, पुढचाही जातो. तिसरं, २३ ते २६ हा प्रजासत्ताक दिनाचा जोडून आलेला सुट्टीचा घोळ आहे. त्या चार दिवसांत किनाऱ्यावर खोल्यांचे दर चढतात आणि जेवायला ताटकळावं लागतं. चौथं, ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी या तीन संध्याकाळी अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. सोहळा देखणाच, पण त्या वेळी आत उभं राहायला जागा नसते. मुद्दाम त्यासाठी येत नसाल तर त्या तारखा टाळा.

माझ्या मते गोवा आणि गणपतीपुळे यंदा सोडा. १४ ते १६ मुंबईत झोप भरून काढा. १७ला संभाजीनगर, १८ वेरूळ, १९ आराम, २० अजिंठा. २१ला मोटारीने पुणे (साधारण २३५ किमी, पाच तास धरा), तिथे दोन रात्री. २३ला कोल्हापूर, तेही पाचेक तास, तीन रात्री. दर्शनाला शनिवार-रविवार टाळून सोमवारी २५ला पहाटे जा. २६ला लोक परत निघतात तेव्हा तुम्ही उलट दिशेने घाट उतरून मालवणला. सहा रात्री तिथे. सोमवारी १ फेब्रुवारीला कणकवलीहून रेल्वेने मुंबई, आणि विमानाआधी दोन दिवस हाताशी.

अजिंठ्याचं थोडं खोलात सांगतो, कारण घोटाळे तिथेच होतात. तुमची गाडी फर्दापूर फाट्यावर थांबते. तिथून लेण्यांपर्यंतचे ४ किमी एसटीच्याच बसने जायचं. बसमधून उतरल्यावर पहिल्या लेण्यापर्यंत चढ आणि पायऱ्या आहेत, हाच भाग सगळ्यात त्रासाचा. खाली डोलीवाले असतात, खुर्चीला चार माणसं. दर आधी ठरवा, आणि 'जाऊन येऊन, २६ नंबरपर्यंत, मध्ये थांबून' असं स्पष्ट बोला. नाहीतर वर गेल्यावर बोली बदलते. चढ डोलीने आणि वरची वाट पायी, हे यजमानांना जमेल. चित्रं बघायची तर १, २, १६ आणि १७ चुकवू नका, पुढे २६मध्ये पहुडलेला बुद्ध. चित्रांच्या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात. दर लेण्यापाशी वाकणं गुडघ्याला जड, म्हणून लेसऐवजी पट्टीचे बूट आणि लांब दांड्याचं शूहॉर्न घ्या. आत अंधार असतो. दोन-तीन मिनिटं दाराशीच उभं राहिलं की डोळे सरावतात, मग पाऊल टाका.

वेरूळला कैलास, म्हणजे १६ नंबर, प्रवेशद्वारासमोरच आहे आणि खालचं प्रांगण जिना न चढता पाहता येतं. १२ नंबर तीन मजली, पायऱ्या उंच, ते खालूनच बघा. जैन लेणी लांब आहेत, तिथे वाहनाने जा.

तिकिटावर ओसीआय कार्ड दाखवा, तुम्हाला भारतीयांचा ४० रुपये दर लागतो. मैत्रिणीला मात्र ६००.

फलाट_नंबर_एक

वरचा आराखडा पटला. प्रवासाच्या साधनांपुरती भर घालते.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस नोव्हेंबर २०२४पासून गेले. उघडल्या दिवशी ऑनलाइन तिकीट फक्त आधार जोडलेल्या खात्यांवरून निघतं, तेव्हा इथल्या भाच्या-पुतण्याला सांगून ठेवा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती गृहीत धरू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा मात्र चालू आहे: पुरुष ६०, स्त्रिया ४५ वर्षांपुढे. पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघेच असतील तर. तुम्ही तिघे आहात. कधी रात्रीची गाडी घेतलीत तर दोन आणि एक अशी दोन तिकिटं काढा, नाहीतर कोटा लागणार नाही आणि वरचा बर्थ गळ्यात पडेल.

कणकवलीहून मुंबईला वंदे भारत आहे. खुर्च्यांची गाडी, दारं आपोआप बंद होतात, आणि मधल्या स्थानकांवर थांबा दोन-तीन मिनिटांचा. डबा कुठे लागणार ते आधी विचारून हमालासह तिथेच उभे राहा. ती मुंबईत रात्री पोचते, म्हणून सीएसएमटीपर्यंत न जाता मुक्कामाप्रमाणे ठाणे किंवा दादरला उतरा. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तारीख पाहून घ्या. 'जवळचं' म्हणून कुठल्याही छोट्या स्थानकाचं तिकीट काढू नका. कोकणात काही ठिकाणी फलाट खाली आणि डब्याच्या तीन लोखंडी पायऱ्या उभ्या. नव्या गुडघ्याला त्या नकोत.

विमानाला व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी तरी. तिचे तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या नकोत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंत न्यावं लागतं. लोक सरसकट पहिला टाकतात, आणि मग विमान दूर उभं असलं की बसने नेऊन शिडीशी सोडतात. यजमानांसाठी दुसरा टाका. विमानतळाच्या धातुशोधक कमानीत गुडघा वाजणारच. 'सांधा बदललाय' असं आधीच सांगा, हातयंत्राने तपासून सोडतात.

मुंबई ते संभाजीनगर तिकीट काढताना निघण्याचं ठिकाण नीट वाचा. आता नवी मुंबईचा विमानतळही चालू आहे, आणि जुन्या विमानतळाची दोन टर्मिनलं एकमेकांपासून रस्त्याने लांब. शिवाय वेगळ्या काढलेल्या देशांतर्गत तिकिटावर सामान बहुधा १५ किलो. लंडनहून आणलेली २३ किलोची बॅग तिथे अडते. एक बॅग मुंबईतच नातेवाइकांकडे ठेवा.

मोटार चालकासह घ्या. बाहेरगावी दिवसाला किमान २५० ते ३०० किमीचे पैसे लागतात, गाडी उभी राहिली तरी. चालक भत्ता, टोल आणि पार्किंग त्यात धरलंय का, ते लिहून मागवा. सेडान ठेंगणी, उतरताना गुडघ्यावर भार येतो; इनोव्हासारखी उंच गाडी बरी, पायदान असलेली.

समृद्धीवाला

संभाजीनगरला विमान कशाला? समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत पूर्ण झालाय. मुंबईहून पाच-साडेपाच तासांत घराच्या दारातून हॉटेलच्या दारात. विमानतळावरचं उभं राहणं वाचतं.

फलाट_नंबर_एक

रस्ता उत्तम, वाद नाही. पण त्या महामार्गावर चहा-शौचालयाचे थांबे फार विरळ. सत्तरीतल्या तीन माणसांना, त्यात इन्सुलिनवाल्यांना खाण्याची वेळ पाळावी लागते. गेलातच तर डबा आणि पाणी बरोबर, आणि महामार्गाला लागण्याआधी सगळ्यांनी मोकळं होऊन घ्या.

कडू_गोळी

ताई, औषधांचं मी बघतो, कारण यातल्या दोन गोष्टी जिवावर बेततात.

एक, इन्सुलिनची ताकद. तुमच्याकडचं १ मिलीत १०० युनिट असतं. इथे कुपीतलं इन्सुलिन अजूनही सर्रास १ मिलीत ४० युनिटचं मिळतं आणि त्याची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. १००च्या सिरिंजचं टोपण नारिंगी. तुमचं १००चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २०च्या खुणेपर्यंत ओढलंत तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट अंगात जातं. अडीचपट. उलट केलंत तर २०च्या जागी ८च मिळतं आणि साखर चढत राहते. तेव्हा पेन वापरत असाल तर पेन, काडतुसं आणि सुया तिकडूनच आणा, लागतील त्याच्या दुप्पट. निम्मा साठा तुमच्या हातबॅगेत, निम्मा यजमानांच्या. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात अजिबात नको, तिथे ते गोठू शकतं. हॉटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवा, मागच्या गार पत्र्याला टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ होऊन नेहमीसारखं दिसलं तरी टाकून द्या. उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच विसरू नका.

साखरेचे आकडेही वेगळे. तुमचं यंत्र मिलिमोल दाखवतं, इथे मिलिग्रॅममध्ये बोलतात. तुमच्या आकड्याला १८ने गुणा: ४ म्हणजे ७२, १० म्हणजे १८०. यंत्राच्या पाकिटावर ते लिहून चिकटवा, डॉक्टरला घाईत सांगताना कामी येतं. येताना दिवस साडेपाच तासांनी लहान होतो. त्या दिवशी कुठला डोस कधी, हे तिथल्या मधुमेहाच्या नर्सकडून कागदावर घ्या.

दोन, मैत्रिणीचं वॉरफरिन. इथे त्याच कामासाठी अ‍ॅसिनोकुमारॉल पुष्कळ वापरलं जातं. ते वेगळं औषध आहे. 'मिलिग्रॅम तेवढेच, तेच आहे' असं दुकानात कोणी म्हणालं तरी बदली घेऊ नये. पूर्ण तीन आठवड्यांचा साठा, वर दहा दिवसांचा, मूळ वेष्टनात. पोट बिघडलं की इथे मेट्रोनिडॅझोल फार सहज दिलं जातं. वॉरफरिनबरोबर त्याने रक्तस्रावाचा धोका बराच वाढतो. डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तेच. तिने 'मी वॉरफरिनवर आहे' ही चिठ्ठी पाकिटात ठेवावी आणि औषध लिहून घेण्याआधी दाखवावी. निघण्याच्या आठवड्यात एकदा आणि इथे दहाव्या दिवसाच्या सुमारास पीटी-आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं त्याची) तपासणी करावी. पुण्या-कोल्हापुरात कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते.

जुलाब झाले तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पुडी, मोठी, १ लिटर पाण्यात. फळांच्या चवीची गोड खोकी नकोत, तुम्हाला तर नाहीच. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर जुलाब-उलट्यांत त्या थांबवायच्या का, हे आताच विचारून घ्या. लसींसाठी दीड-दोन महिने आधी डॉक्टरकडे जा.

विम्यात गुडघा, मधुमेह, वॉरफरिन सगळं नोंदवा. लपवलेलं एक दुखणं सगळा दावा बुडवतं. दाखल होण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर इथे अनामत भरून मागे भांडत बसावं लागतं. रुग्णवाहिकेला १०८.

घाटमाथा

मैत्रिणीच्या व्हिसाचं राहिलं. ३० दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा तुमच्या २२ दिवसांना पुरतो. अर्ज पोचण्याआधीच्या ३० दिवसांतच करता येतो आणि किमान ४ दिवस आधी. म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करा, नाताळात ढकलू नका. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असतं. तसल्याच दिसण्याची दलाली संकेतस्थळं शोधात वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पासपोर्टचं पान पीडीएफमध्ये ३०० केबीच्या आत लागतं. मोबाइलवर काढलेलं मोठं होतं आणि अर्ज तिथेच अडतो. नाव मधल्या नावासह पासपोर्टवर आहे तसंच. पासपोर्ट पोचल्या तारखेपासून सहा महिने वैध आणि दोन पानं कोरी हवीत.

तुम्हा दोघांचे पासपोर्ट मध्यंतरी बदलले असतील तर नव्याची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवलाय ना, तेही पाहा. फी नसते.

थेम्सकाठची

सगळ्यांचे आभार. किरणोत्सवाचं ध्यानातच नव्हतं. गोवा कापला, गणपतीपुळ्यावरून घरात चर्चा चालू आहे. दोन प्रश्न: यजमानांना सिंधुदुर्ग किल्ला झेपेल का? आणि मालवणात घरगुती निवास घ्यावा की हॉटेल? संडास-बाथरूमची खरी काळजी आहे.

फलाट_नंबर_एक

किल्ल्यात ऊन आणि ओबडधोबड वाट आहे, पण अवघड जागा होडीची. भरती-ओहोटीप्रमाणे धक्का आणि होडीची कड यांत अंतर पडतं आणि हलत्या होडीत एका पायावर उतरावं लागतं. धक्क्यावर जाऊन आधी पाच मिनिटं लोक कसे चढतात ते बघा, आणि मग ठरवा.

निवास कुठलाही घ्या, पण फोनवर 'वेस्टर्न आहे ना' एवढंच विचारू नका, सगळे 'हो'च म्हणतात. टेपने मोजून सांगा म्हणावं: जमिनीपासून कमोडच्या बैठकीपर्यंत उंची किती? १७ इंच किंवा जास्त असेल तर उत्तम. १५ असेल तर वर बसवायची ४ इंची प्लास्टिकची बैठक बरोबर आणा. बाथरूमच्या दाराशी उंबरा किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागून पाहा. कोकणातल्या घरांना अंगणातून चिऱ्याच्या तीन-चार पायऱ्या असतात आणि बहुधा कठडा नसतो, तोही फोटो मागा. अंघोळ बादली-तांब्याने, हात असलेली प्लास्टिकची खुर्ची आणि रबरी चटई आधी ठेवायला सांगा. भिंतीला चिकटणारी रबरी मूठ आणू नका. खरखरीत टाइल्सवर ती धरत नाही, नेमकी भार दिला की सुटते.