मदत हवी आहे: अलिबाग ते मालवण सायकलने, गिअर पुरतील का?

डिसेंबरात आम्ही दोघं किनाऱ्याकिनाऱ्याने निघतोय. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेऱ्या तरीने. खाडी उतरली की लगेच छातीवरचा चढ, हीच खरी धास्ती! माझ्या हायब्रिड सायकलला पुढची लहान चकती 28 दातांची, मागची मोठीही 28. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा. सामान बारा किलो. मागे 34 दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकावी का, आणि जुना डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ती पेलेल का? मागच्या वेळी आंजर्ल्याच्या चढावर सायकल ढकलत नेली, पोरं हसत होती. टायर 35 मिमीचे आहेत, जांभ्याच्या कच्च्या रस्त्याला चालतील ना? खाऱ्या हवेत साखळीला कुठलं तेल लावता? रत्नागिरीत सायकलचं बरं दुकान माहीत असेल तर तेही सांगा.