आमच्या त्रिमूर्ती नगरातला दयाळ काहून इतका बारीक गाऊन राहिला?

संत्र्याचा_बगीचा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवसांपासून डोक्यात घोळून राहिलं होतं, आज विचारूनच टाकते. आम्ही नागपूरला त्रिमूर्ती नगरात राहतो, रिंग रोड घरापासून जवळच, आणि समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपवर मार्चपासून एक दयाळ पक्षी येऊन बसतो. पहाटे साडेचारलाच सुरू होतो. मागच्या आठवड्यात काटोलकडे माहेरी गेली होती, तिथे बाबांच्या बगीच्यात विहिरीजवळच्या कडुनिंबावरही दयाळच आहे, पण त्याचं गाणं मला साफ वेगळं वाटलं. तो आधी एक खालच्या सुरातली लांब, गोल शीळ घालतो, मग वर चढतो, मग थोडा थांबतो. आमच्या इथल्याचं सगळं वरच्या वरच, बारीक अन् टोकदार, ती खालची शीळच नाही. आईला सांगितलं तर ती म्हणे, "तुया कानाले कूलरची सवय झाली वं, पाखरू थेच हाय."
जागा बदलली की पक्ष्याचं गाणं खरंच बदलतं का? की आईचंच बरोबर आहे?

गोरेवाडा_पहाट:
ताई, बदलतं, आणि हा माझा फार आवडीचा विषय आहे त्यामुळे जरा लांब लिहितो. यूजीन मॉर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने पनामात यावर काम केलं, 1975 ची गोष्ट आहे. घनदाट जंगलातले पक्षी आणि मोकळ्या जागेतले पक्षी यांचे आवाज त्याने तपासले, तर जंगलातल्यांचे आवाज खालचे आणि शिट्टीसारखे स्वच्छ निघाले, मोकळ्या जागेतल्यांचे भराभर थरथरणारे. कारण सोपं आहे. जंगलात आवाज खोडांवर आपटून परत येतो, म्हणजे भराभर सूर काढले की मागच्याचा प्रतिध्वनी पुढच्यावर चढतो आणि सगळा लगदा होतो. पानं उंच सूर अडवतात ते वेगळंच. म्हणून तिथे सावकाश, लांब शीळच दूर पोचते. उघड्यावर प्रतिध्वनी नसतो पण वारा असतो, तो आवाज मध्येच तोडतो, तिथे तोच सूर पुन्हा पुन्हा भराभर म्हटला तर एखादा तरी समोरच्यापर्यंत जातो.
शहरात तिसरीच गोष्ट होते. गाड्यांचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत असतो, साधारण 2000 हर्ट्झच्या खाली, त्यामुळे पक्ष्याचे खालचे सूर त्यात बुडतात. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिटवर (आपल्या राखी वल्गुलीचा युरोपातला भाऊबंद) अभ्यास झाला, 2003 मध्ये छापून आला. जितका गोंगाट जास्त, तितके त्या भागातल्या नरांच्या गाण्यातले सगळ्यात खालचे सूर वर सरकलेले. आणि 2020 च्या लॉकडाउनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उलटं झालं, रस्ते शांत झाले तशा तिथल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो हळू आवाजात गायला लागल्या आणि खालचे सूरही परत आले. हळू गाऊनही त्यांचं गाणं आधीपेक्षा जास्त दूर ऐकू जात होतं!! मला तर हे वाचून आपला 2020 चा एप्रिल आठवला, वर्धा रोडला राहूनही घरात बसून तांबट पक्षी ऐकला होता.

उमरेडकर_काका:
वरच्या भावाने चांगलं समजावलं. मी पुस्तकातलं नाही, कानाचं सांगतो, तीस वर्षं उमरेडच्या बाजूने फिरून राहिलो. आपल्याकडे एकच जंगल वर्षातून दोनदा आवाज बदलते. एप्रिल-मेमध्ये साग पार उघडा असते, खाली पानगळ इतकी की साधी खार पळाली तरी जनावर आलं वाटते, अन् दुपारी किडे असे कर्कश सुरू होतात की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. त्या वेळेला पक्षी बहुतेक गप्पच. मग पाऊस पडला, साग भरला, बांबू भरला, की नवरंग येतो. त्याची शीळ ऐका एकदा, दोनच सूर, स्वच्छ, मध्ये काही भानगड नाही. दिसत नाही पण भरल्या जंगलातून केवढ्या लांबून ऐकू येते. आता माळावरचा चंडोल घ्या. त्याला बसायला झाड नाही, जमिनीलगत आवाज लवकर विरतो, म्हणून तो गाण्यासाठी वर आभाळात जातो अन् तिथून लांबलचक गात राहतो. नवरंगाने माळावर अन् चंडोलाने जंगलात गाऊन पाहावं, कोणाचंच कोणाला ऐकू जाणार नाही.
पोरी, तुझ्या आईचा कान मात्र चांगला दिसते.

ध्वनीमापी:
काका, मलाही तेच वाटतं, आई निम्म्या तरी बरोबर असू शकतात. गोरेवाडा भाऊ, तुमचं सगळं मान्य, पण दयाळाचे खालचे सूर "नाहीत" आणि "आपल्याला ऐकू येत नाहीत" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या विषयात भलेभले इथेच फसतात. गोंगाटात रेकॉर्डिंग केलं की स्पेक्ट्रोग्राममध्ये (म्हणजे आवाजाचं चित्र, खालचे सूर खाली अन् वरचे वर दिसतात) खालचा भाग गाड्यांच्या आवाजाने काळा होतो, त्यात पक्ष्याचा खालचा सूर दिसतच नाही, आणि आपण म्हणतो पक्षी वर सरकला. शिवाय गोंगाटात पक्षी जोरात गातो, आपण लग्नाच्या डीजेजवळ ओरडून बोलतो तसं, आणि जोर लावला की सूर आपोआपही थोडा चढतो.
ताई, एक करा. पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपमध्ये रेकॉर्ड करा, स्पेक्ट्रोग्राम तिथेच दिसतो. एकदा घरातून करा, एकदा अगदी त्या टाकीखाली उभं राहून. जवळून केलं की पक्षी मोठा आणि गोंगाट त्यामानाने लहान. आणि घरातला कूलर बंद करून बरं का, त्याचा पंखा आणि पंप दोन्ही खालच्याच पट्टीत घुमतात.

संत्र्याचा_बगीचा:
सगळ्यांना खूप थँक्यू, इतकं छान समजावलं. रेकॉर्डिंग करायच्या आधीच एक गंमत झाली ती सांगते. काल पहाटे पावणेपाचला लाईट गेली. आमचा कूलर बंद, शेजारचा बंद, पूर्ण गल्लीतले एकदम बंद, कूलरच्या गवतातून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. दयाळ गात होताच. आणि त्याच्या पुढच्याच ओळीत ती खालची शीळ!! तीच, काटोलसारखी, फक्त थोडी आखूड. मी अंथरुणातच उठून बसली. वीसेक मिनिटांनी लाईट आली, कूलर सुरू झाले आणि शीळ गेली.

ध्वनीमापी:
क्या बात है ताई! पण अजून निकाल लागला नाही हं. काही पक्षी गोंगाट थांबल्याबरोबर लगेच गाणं बदलतात, तेव्हा शीळ आधीपासून होती की तेव्हाच आली ते यावरून कळणार नाही. टाकीखालचं रेकॉर्डिंग लागेलच, तेही कूलर चालू असताना.

संत्र्याचा_बगीचा:
आज साडेचारला गेली टाकीखाली. समोरच्या काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यांनी गेट उघडं ठेवलं आणि त्या पण येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांचे कूलर सुरू होते. स्पेक्ट्रोग्राममध्ये खाली काळा पट्टा आहे आणि त्याच्या वरच्या कडेला चिकटून एक बारीक आडवी रेघ, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला. म्हणजे शीळ आहे. तो घालतोच आहे रोज. आता काटोलचं रेकॉर्डिंग आणते, मग ती रेघ तिथे किती खाली आहे ते शेजारी ठेवून पाहू. आईला फोन केला तर म्हणे, "मंग? म्या का म्हटलं होतं!"